घण घेऊन सासुरवाडीला

दिवाळीत सासुरवाडीला निघालेला जावई बरोबर काय काय नेतो? मिठाईचा पुडा नेतो, मेहुण्यांच्या पोरांना फटाके नेतो, थोडी मिजास नेतो. आमचे सर घण नेत. खाणीत दगड फोडायला वापरतात तसला अस्सल घण. दांड्याला काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. जोडीला एक लोखंडी पाट, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले दोन जिओफोन. जिओफोन म्हणजे जमिनीत खोचायचे कान, बाकी काही नाही. पाटावर घण घातला की हादरा जमिनीतून पळतो, आणि तो पहिल्या कानापासून दुसऱ्या कानापर्यंत किती वेळात पोचला हे सुटकेसएवढं एक यंत्र सांगतं. जमीन घट्ट असेल तर हादरा झपाट्यानं जातो, सैल असेल तर रमतगमत जातो. त्या वेगाच्या आकड्याला सर नाडी म्हणत.

काकूंचं माहेर लातूरच्या बाजूला एका लहानशा गावात होतं. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, पाडव्याचं ओवाळून घ्यायच्या आधी, सर सासऱ्यांच्या ओढ्याकाठच्या तुकड्यावर जाऊन तीन घण घालत, आकडा वहीत लिहीत आणि मग आंघोळीला बसत. हे सलग दहाएक वर्षं चाललं होतं. गावकरी म्हणायचे, "जावईबापू, सोनं पुरलंय व्हय तिथं?" सर गंभीरपणे म्हणत, "असलं तर तुम्हाला नाय सांगणार." एका वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. तेव्हा सर नव्या धोतरासकट त्या काळ्या चिखलात उभे राहून घण घालून आले. सासऱ्यांनी दिलेलं धोतर होतं. काकू पाडव्याला ओवाळताना बोलल्या नाहीत म्हणे. सरांनी वहीत त्या आकड्यापुढं कंसात लिहिलं, "चिखल. धोतर गेले. सौ. नाराज."

ही वही पुढं माझी अब्रू वाचवणार होती, याची मला तेव्हा काय कल्पना!

सर औरंगाबादला आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात माती शिकवायचे. मी तिथं अधिव्याख्याता म्हणून लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत टाचांच्या चपला वाजवत शिरले, तर दारातच चाचांनी हात आडवा केला. चाचा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकातच काय ते सापडायचं. चाचा कुजबुजले, "मॅडम, चपला निकालके आव. मिट्टी आराम कर रई." खिडकीत एक स्टीलचा डबा होता. त्याच्यावर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती, "हात लावू नये. विश्रांती चालू आहे." मी नवी होते, म्हणून हसू दाबलं. महिनाभरात मीही अनवाणी चालायला लागले.

तो डबा म्हणजे सरांचा पहिला धडा असे. दरवर्षी नव्या वर्गापुढं तो डबा टेबलावर यायचा. आत ओलसर वाळू, वाळूवर तराजूतलं एक वजन उभं ठेवलेलं. सर टेबलावर एक टिचकी मारत. वजन ढिम्म. जरा जोरात मारत. वजन केसभर बुडे. पोरं जांभया द्यायला लागत. मग सर मुठीनं आणखी एक ठोसा देत, आधीच्या दुप्पट असेल नसेल, आणि वजन एकदम तिरकं होऊन निम्मं आत जाई. सर फळ्याकडं वळून विचारत, "त्रैराशिकानं किती बुडायला हवं होतं?" कुणीतरी हुशार पोरगा उत्तर देई. सर म्हणत, "बरोबर आहे. पण माती त्रैराशिक शिकलेली नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्याचा अर्थ पुढं ते सावकाश उलगडत. हलक्या धक्क्याला माती हिशेबात वागते, जेवढं हलवाल तेवढी हलते. धक्का एका मर्यादेपलीकडं गेला की कणांनी एकमेकांना धरलेले हात सुटतात आणि मग हिशेब संपतो. दुप्पट धक्क्याला ती चौपट हलेल, दसपट मऊ पडेल. पण सरांना कौतुक होतं ते त्याच्या पुढच्या भागाचं. हादरा थांबल्यावर माती पुन्हा सावरते. कुणी काही न करता, नुसती पडून राहून, कण एकमेकांचे हात पुन्हा धरतात. सुरुवातीला भराभर, मग हळू, मग फारच हळू. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढी सावरते तेवढंच सावरायला तिला पुढं शंभराव्या दिवसापर्यंतचा वेळ लागतो. पडेगावच्या माळावर सर आम्हाला हे करून दाखवत. एक मोठं वजन उंचावरून सोडायचं, नाडी मंदावलेली बघायची, आणि मग ठरल्या दिवशी पुन्हा जायचं. एक, दहा, शंभर. माळावरचे गुराखी आम्हाला ओळखायला लागले होते.

सर हा नियम मातीपुरता ठेवते तर ते नुसतेच विद्वान ठरले असते. ते तो सगळ्यांना लावत. कुणाला रागावले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाशी येऊन विचारायचे, "कसं आहे?" नुसतं "बरं आहे" चालायचं नाही, शंभरपैकी आकडा सांगावा लागे. मग दहाव्या दिवशी पुन्हा. मग शंभराव्या. तोवर रागावणं कशावरून झालं हेही समोरचा विसरलेला असे, पण सरांच्या खिशातल्या डायरीत नोंद असे. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळं महाविद्यालय माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलत होतं. सर आले आणि म्हणाले, "किती?" मी म्हटलं, "शून्य." "ठीक. पहिल्या दिवशी शून्यच येतं." शंभराव्या दिवशी आले तेव्हा मी चाचांबरोबर भजी खात बसले होते. त्यांनी भज्यांकडं पाहिलं, आकडा न विचारता डायरीत काहीतरी लिहिलं आणि एक भजं उचलून निघून गेले. मला त्या माणसाचा तेव्हा फार आधार वाटला, आणि तो वाटतो हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

मातीचे नमुने त्यांनी कधी एसटीच्या टपावर टाकू दिले नाहीत. एकदा पैठणहून येताना कंडक्टरनं विचारलं, "ह्ये काय शेजारी? उचला, मानसं हुबी हायेत." सर म्हणाले, "याचंही फुल तिकीट फाडा." कंडक्टर म्हणाला, "मातीचं तिकीट?" सर म्हणाले, "मग अर्धं फाडा. वय कमी आहे, कालच काढलीय." सगळी गाडी हसली. माती मात्र आमच्या मांड्यांवरून, एकेका गतिरोधकाला उचलून धरत, शहरात सुखरूप आली.

मग गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो भूकंप झाला. आमच्याकडं भांडी वाजली. लातूरकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते सांगायला मी बसलेली नाही. सरांच्या सासुरवाडीत जीव कुणाचा गेला नव्हता. बरीच घरं बसली होती, पण माणसं होती. पाचव्या दिवशी धान्य आणि घोंगड्या घेऊन महाविद्यालयाचा एक ट्रक निघाला, त्यात सर, मी आणि चाचा होतो. घण अर्थातच होता.

त्या गावात एक शाळा होती. सरांच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठचा तोच तुकडा शाळेला दिला होता आणि गावानं चार वर्षांपूर्वी श्रमदानानं दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. बांधताना जावईबापूंनी भिंतींत खाली-वर काँक्रीटचे पट्टे घालायला लावले होते, म्हणून भूकंपात गिलावा सोडून तिचं काही पडलं नव्हतं. तिथं शिकवायच्या त्या काकूंच्या धाकट्या बहीण, म्हणजे सरांच्या मेहुणीबाई. उंच, खणखणीत आवाजाच्या. शाळेत बावीस मुली होत्या आणि त्यातली एकेक त्यांनी घरोघर भांडून आणलेली होती.

प्रश्न भिंतींचा नव्हता, जमिनीचा होता. ओढ्याकाठची, निम्मी भरावाची जागा. सरकारकडून पाहणीला आलेल्या साहेबांना शंका होती की धक्क्यानं ती कायमची पोकळ झाली असेल. तसं असेल तर शाळेला कुलूप, आणि वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात, तासाभराच्या वाटेवर. मेहुणीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, पोरं जातेल तितं. पोरी नाय जायच्या. उद्यापासून घरात बसतेल. तेवढं ध्यानात ठिवून काय ते मोजा."

सर त्या वेळी गावात धान्य वाटत होते. जाताना म्हणाले होते, "आत्ता जमिनीला काही विचारू नका. मी आल्यावर बघू." पण साहेब घड्याळ बघत उभे होते आणि मला वाटलं, मोजायला काय लागतं? मी घण घेतला, कान खोचले. पहिला आकडा फार कमी आला. माझा विश्वास बसेना. आम्हाला शिकवलेलं होतं की जितकी जास्त मोजणी, तितकी सरासरी खरी. म्हणून चाचांना म्हटलं, घाला आणखी. दुसरा आकडा आणखी कमी. मग तिसरा. चाचा दहाव्याला थांबले आणि म्हणाले, "मॅडम, नक्को. रो रई वो." मी म्हटलं, "चाचा, हे शास्त्र आहे." त्यांनी चाळीस घातले आणि आकडा पायरी पायरीनं उतरत गेला. मी शाळेच्या पायरीवर बसून सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला, जमीन अत्यंत सैल, इमारत वापरण्यास अयोग्य, आणि खाली सही ठोकली. साहेबांनी कागद खिशात घातला आणि तिथल्या तिथं शाळेला कुलूप लावलं.

सर परतले तेव्हा मुली कुलपाकडं बघत ओळीनं उभ्या होत्या. सरांनी माझ्याकडून यंत्रातून निघालेली आकड्यांची कागदी पट्टी घेतली, वरून खाली पाहिली.

"किती घण घातले?"

"चाळीस."

"एकाच जागी?"

"हो. सरासरी..."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, जमिनीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पाच दिवसांपूर्वी हिला एवढा मार बसलाय. अजून उठूनसुद्धा बसली नव्हती, आणि त्यावर तुम्ही चाळीस घातले. मॅडम, तुम्ही मोजत नव्हता, मारत होता."

माझ्या पायाखालची ती सैल जमीन मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मला सगळं ठाऊक होतं. पडेगावच्या माळावर मीच पोरांना समजावून सांगायची.

सर साहेबांच्या गाडीमागं अक्षरशः पळाले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण सही केलेला कागद त्यांच्या खिशात होता. म्हणाले, "तुमच्याच माणसानं लिहून दिलंय."

"लिहिलंय ते खरं आहे. आजचं आहे. मला शंभर दिवस द्या."

"माती काय रजेवर आहे का?"

"वैद्यकीय रजेवर," सर म्हणाले.

साहेबांना हसू आलं की कीव, देव जाणे. त्यांनी अट घातली. भूकंपापासून शंभराव्या दिवशी ते स्वतः येतील. सरांच्या वहीतला भूकंपाआधीचा आकडा त्यांच्यासमोर आला तर कुलूप निघेल. नाही आला तर मुलांची नावं पलीकडच्या शाळेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकपाशी सर माझ्याजवळ आले. "किती?" मी मान खाली घालून म्हटलं, "वजा चाळीस." त्यांनी ते डायरीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

मग शंभर दिवस त्या गावानं मातीचं जे काही केलं त्याला तोड नाही. सरांनी हुकूमच सोडला होता की शाळेच्या आसपास ट्रॅक्टर नको, बैलगाडी नको, कुणी धुण्याची मोगरी आपटायची नाही, कुणी उडी मारायची नाही. पहिले दोन दिवस लोक टिंगल करत. एक म्हातारबा म्हणाले, "जावईबापू मातीचं बाळंतपण करायलेत जणू." पण मेहुणीबाईंनी ते मनावर घेतलं. त्यांनी वर्ग समोरच्या चिंचेखाली भरवला आणि पोरापोरींना अनवाणी, चवड्यांवर चालायला लावलं. ट्रॅक्टरवाल्यांनी वळसा घालायला सुरुवात केली. धुणं दुसऱ्या पाणवठ्यावर गेलं. दहाव्या दिवशी आम्ही गेलो, तीनच घण घातले, ते पण हलके. आकडा माझ्या चाळीस घणांनंतरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर होता, पण वहीतल्यापेक्षा पुष्कळ खाली. सर खूश होते. मी नव्हते. मला त्यांनी विचारलं तेव्हा मी "दहा" म्हटलं, तेही त्यांच्या समाधानासाठी.

मधे दिवाळी आली. सर सासुरवाडीला गेले, आणि दहाएक वर्षांत पहिल्यांदाच घण न घेता. मेहुणीबाई दारातच म्हणाल्या, "दाजी, औंदा मोकळ्याच हातानं?" सर म्हणाले, "तिची झोप लागलीय." काकू सांगत होत्या, पाडव्याच्या सकाळी हे गृहस्थ वेळेवर आंघोळ करून पाटावर येऊन बसले आणि काकूंनाच कसंसं वाटलं.

शंभराव्या दिवशी सकाळी सगळं गाव ओढ्याकाठी जमलं होतं. साहेब शब्द पाळून आले होते. सरांनी घण माझ्या हातात दिला. "चाळीस तुमचे होते. तीनही तुमचेच." मुली चिंचेखाली चिडीचूप. मी तीन घण घातले. घण सरळ पडले. यंत्रानं आकडा दिला.

तो वहीतल्या भूकंपाआधीच्या दिवाळीच्या आकड्याहून कमी होता. थोडाच, पण कमी.

साहेब म्हणाले, "कमी आहे."

सर आणखी एक घण घालून बघू म्हणतील असं मला वाटलं. मीच म्हणणार होते. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "कमी आहे. लिहा, कमी." मेहुणीबाईंनी पदर तोंडाशी नेला. माझ्या डोळ्यांपुढं त्या बावीस मुली एकेक करून आपापल्या घरात शिरायला लागल्या.

सरांनी पिशवीतून ती दिवाळीची वही काढली आणि साहेबांपुढं मागं मागं पानं उलटत गेले. "भूकंपाआधीच्या दिवाळीचा आकडा तुम्ही बघितलात. आता हा बघा." साहेबांनी वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चिखल. धोतर गेले. सौ. नाराज... हे काय आहे?"

"ते सोडा. आकडा बघा."

त्या ओल्या वर्षीचा आकडा आजच्यापेक्षाही खाली होता. शाळा त्या वर्षी तशीच उभी होती, आत पोरं बसत होती, कुणाला काही वाटलं नव्हतं.

सर म्हणाले, "पाऊस जास्त झाला की ती एवढी उतरते, कमी झाला की चढते. आज ती तिच्या नेहमीच्या चढउतारात आली आहे. थोडी मलूल आहे, आजारी नाही. उरलेलं सावरायला तिला हजार दिवस लागतील. त्यासाठी पोरांनी बाहेर कशाला बसायचं?"

साहेब बराच वेळ वही चाळत राहिले. दहा दिवाळ्या होत्या तिच्यात. शेवटी म्हणाले, "तुम्ही दरवर्षी सणाच्या दिवशी हे करत होता?"

मागून मेहुणीबाई म्हणाल्या, "करत व्हते सायेब. आमी येडं म्हणायलो त्यास्नी."

साहेबांनी किल्ली खिशातून काढली. ती त्यांनी मेहुणीबाईंच्या हातात दिली आणि माझा तो जुना अहवाल मला परत केला. त्याच्या पाठीवर मी नवा लिहिला. मुली आत शिरल्या त्या चवड्यांवर, सवयीनं.

परतताना एसटीत सर म्हणाले, "किती?" मी म्हटलं, "ऐंशी." त्यांनी ते डायरीत टिपलं. उरलेले वीस कुठं होते ते त्यांना ठाऊक होतं. सगळं नीट झालं म्हणून माझी सही काही माझ्या मनातून पुसली जात नव्हती. रोज वर्गात शिकवताना ते चाळीस घण मला ऐकू यायचे.

सर पुढं निवृत्त झाले. पाठीनं इतकी कुरकुर सुरू केली की काकूंनी घण काढून घेतला आणि तो प्रयोगशाळेत, माझ्या ताब्यात आला. हजाराव्या दिवसाची तारीख त्यांनी आधीच काढून माझ्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवली होती. जून महिना होता, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. चाचा आणि मी गेलो. मेहुणीबाई पाढे थांबवून खिडकीतून म्हणाल्या, "मारा म्याडम, पोरींना गप करते." आता आत एकतीस मुली होत्या. मी तीन घण घातले. आकडा आला तो मी वहीतल्या आकड्याशी तीनदा ताडून बघितला, तिन्ही वेळा जुळला. चाचा म्हणाले, "अब सोने देव उसकू."

लातूरच्या स्टँडवरून मी सरांना फोन लावला. आकडा सांगितला. पलीकडं डायरीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"बरोबर," ते म्हणाले. मग विचारलं, "आणि तुम्ही?"

एवढ्या गर्दीत, गाड्यांच्या घोषणांत, मला हुंदका आला आणि मी तो येऊ दिला.

"शंभर, सर."

"ठीक," सर म्हणाले. पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. "घणाला तेल लावून ठेवा. पावसाळा आहे, गंज चढतो."